अणुदुर्घटनेचे गणित आणि हवामानाच्या नोंदी : परिणाम-प्रतिमानांची चिकित्सा

अणुविद्युत् केंद्रात अपघात झाल्यास किती किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडेल याचा अंदाज अभियंता बांधू शकतो. ते कोणाच्या अंगणात उतरेल हे मात्र वारा आणि पाऊस ठरवितात. म्हणूनच अपघाताच्या परिणामांचे अनुमान करणाऱ्या प्रत्येक गणिती प्रतिमानात हवामानाच्या नोंदींना मध्यवर्ती स्थान आहे. या नोंदी प्रतिमानात कोणत्या रीतीने वापरल्या जातात आणि त्या रीतीमुळे नेमके काय नजरेआड होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या परंपरेचा आरंभ १९५७ मध्ये झाला असे मानावयास हरकत नाही. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगासाठी ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्या वर्षी मार्चमध्ये सादर केलेल्या 'वॉश-७४०' या अहवालात मोठ्या शहरापासून सुमारे ३० मैलांवरील एका काल्पनिक अणुभट्टीचा विचार होता. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत ३,४०० मृत्यू, ४३,००० जखमी आणि ७ अब्ज डॉलरची मालमत्ताहानी संभवते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातील हवामान गृहीत धरलेले होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला इंग्लंडमधील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागल्याचे उघडकीस आले आणि गृहीतकाची जागा खऱ्या वाऱ्याने घेतली. आयोडीन-१३१ आग्नेयेकडे पसरले आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध फेकून द्यावे लागले.

पुढील टप्पा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांचा होय. वाऱ्याचा वेग, सूर्यप्रकाश आणि ढगांचे आच्छादन एवढ्या साध्या निरीक्षणांवरून वातावरणाची स्थिरता 'ए' ते 'एफ' अशा सहा वर्गांत बसविण्याची पद्धत त्यांनी १९६१ मध्ये मांडली. कोणत्याही विमानतळावरील निरीक्षकास उपलब्ध असणाऱ्या नोंदी या पद्धतीस पुरतात, आणि तिच्या लोकप्रियतेचे रहस्यही तेच आहे. परंतु तिला ज्या मोजमापांचा मुख्य आधार मिळाला, ती १९५६ मध्ये नेब्रास्कातील सपाट गवताळ माळावर 'प्रेअरी ग्रास' या प्रयोगात घेतली गेली होती, आणि तीही उगमापासून फार तर ८०० मीटरपर्यंत. तेथून काढलेल्या वक्ररेषा पुढे १०० किलोमीटरपर्यंत ताणल्या गेल्या. पास्क्विल यांना आपल्या पद्धतीच्या मर्यादा ठाऊक होत्या. तिचा वापर करणाऱ्यांना त्यांचा विसर पडला, हा दोष त्यांचा म्हणता येत नाही.

नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वॉश-१४००' या अभ्यासाने या पद्धतीला संभाव्यताशास्त्राची जोड दिली. वर्षभराच्या दर तासाच्या नोंदींतून नमुने निवडावयाचे, प्रत्येक नमुन्यासाठी अपघात 'घडवून' पाहावयाचा आणि परिणामांचे वितरण मांडावयाचे, अशी ही रीत आहे. 'क्रॅक-२' आणि त्यानंतरची 'मॅक्स' ही संगणक-प्रणाली याच वाटेने गेली. वर्षाचे ८,७६० तास हे तिचे मूळ भांडवल होय. पावसाचे तास संख्येने थोडे असल्याने सरसकट निवडीत ते निसटतात. हे ध्यानात आल्यावर 'क्रॅक-२'मध्ये त्यांचे स्वतंत्र गट करण्यात आले. ही दुरुस्ती महत्त्वाची होती, कारण सर्वाधिक हानी नेमकी त्या थोड्या तासांतच संभवते.

तथापि मूळ रचनेत एक गृहीतक तसेच राहिले. लोट बाहेर पडताना वाऱ्याची जी दिशा असेल त्याच दिशेने तो सरळ रेषेत जातो, असे ही प्रतिमाने मानतात. पुढील तासांतील वेग, स्थिरता आणि पाऊस हिशेबात येतात. दिशाबदल येत नाही. समर्थकांचे उत्तर असे की, वर्षभराच्या शेकडो नमुन्यांची सरासरी काढली असता ही चूक भरून निघते. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तुलनेत साधे सरळरेषीय आणि त्रिमितीय प्रतिमान यांच्या वार्षिक सरासऱ्या बहुतेक ठिकाणी दुपटीच्या फरकाच्या आत आल्या, ही गोष्ट खरी आहे. परंतु ती तुलना ओक्लाहोमा व कॅन्ससच्या सपाट प्रदेशातील होती, आणि तुलना होती ती सरासऱ्यांची. अपघात सरासरी हवामानात घडत नाही. तो एका विशिष्ट मंगळवारी, विशिष्ट वाऱ्यात घडतो.

चेर्नोबिलने हे कठोरपणे दाखवून दिले. २६ एप्रिल १९८६ रोजी स्फोट झाल्यावर उत्सर्ग सुमारे दहा दिवस चालू राहिला आणि तेवढ्या काळात वारा अनेकदा फिरला. २८ एप्रिलला स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात किरणोत्सर्गाची नोंद झाली. सुमारे २०० किलोमीटर ईशान्येस असलेल्या गोमेल, मोगिलेव्ह व ब्रियान्स्क परिसरात केवळ पाऊस पडल्यामुळे सीझियमचे मोठे डाग उमटले, तर त्याहून जवळचे कित्येक भाग तुलनेने स्वच्छ राहिले. मेच्या आरंभीच्या पावसाने कंब्रिया आणि वेल्सच्या डोंगरांवर जे द्रव्य उतरविले, त्यामुळे तेथील मेंढ्यांवरील निर्बंध २०१२ पर्यंत पूर्णपणे उठले नाहीत. भट्टीभोवती आखलेल्या ३० किलोमीटरच्या वर्तुळाचा या नकाशाशी फारसा संबंध उरला नाही.

यावर उपाय म्हणून प्रत्यक्ष हवामानाच्या अंदाजावर चालणाऱ्या तात्काळ प्रणाली पुढे आल्या. जपानची 'स्पीडी' ही त्यांतील एक. १९७९ च्या थ्री माईल आयलंड अपघातानंतर तिची उभारणी सुरू झाली होती. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा दाइइची केंद्राचा वीजपुरवठा तुटला आणि भट्टीतून किती द्रव्य बाहेर पडत आहे ही माहितीच प्रणालीला मिळेनाशी झाली. म्हणून तासाला एक एकक उत्सर्ग गृहीत धरून तिच्याकडून गणिते करून घेण्यात आली. त्यांतून मात्रा कळत नव्हती, दिशा मात्र कळत होती. हे निष्कर्ष १४ मार्चला अमेरिकी लष्कराकडे पोचले. नागरिकांना प्रणालीचे पहिले अनुमान २३ मार्चला पाहावयास मिळाले. दरम्यान नामिए गावचे अनेक रहिवासी वायव्येकडील त्सुशिमा भागात आश्रयास गेले होते. १५ मार्चला वारा त्याच दिशेस वळला आणि पाऊस व हिमवृष्टीबरोबर किरणोत्सर्गी द्रव्य तेथे उतरले. धोक्यापासून दूर जाण्यासाठी निघालेली माणसे त्याच्याच वाटेवर जाऊन थांबली होती.

या प्रसंगाचे मूल्यमापन करताना दोन चौकशी समित्यांचे एकमत झाले नाही. शासनाच्या समितीच्या मते केवळ दिशेचे ज्ञानही स्थलांतराची वाट व वेळ निवडण्यास उपयोगी पडले असते. संसदेच्या समितीने उत्सर्गाच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवून प्रणालीच्या उपयुक्ततेविषयी शंका घेतली. २०१४ मध्ये जपानच्या अणुनियामक प्राधिकरणाने स्थलांतराच्या निर्णयासाठी 'स्पीडी'चा आधार न घेता प्रत्यक्ष मोजमापावर भिस्त ठेवण्याचे ठरविले. चुकीच्या अंदाजाने लोकांना चुकीच्या दिशेस पाठविले जाईल ही भीती निराधार नाही. परंतु मोजमाप म्हणजे द्रव्य पोचल्यानंतरचे ज्ञान. ज्या चुकीची भीती बाळगावयाची ती त्सुशिमात अंदाज हाती असतानाही, तो न वापरल्यामुळे घडली. या वादात शासकीय समितीची बाजू अधिक ग्राह्य वाटते. अपुऱ्या अंदाजाची अनिश्चितता त्याच्यासह सांगता येते. दडवलेल्या अंदाजाची सांगता येत नाही.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न केवळ वाचिक नाही. कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने त्रिमितीय हवामान-अंदाजावर आधारित आपत्कालीन प्रणाली विकसित केली आहे. परंतु आपत्कालीन नियोजनाची रूढ सीमा १६ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ हीच राहिली आहे. कोकणपट्टीत या वर्तुळाची आणि वार्षिक सरासरीची, दोहोंची कसोटी लागते. १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर चालणारे तारापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन येथे प्रस्तावित असलेला जैतापूर प्रकल्प ही दोन्ही ठिकाणे समुद्रकाठची आहेत. येथील वर्षभराचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि तेव्हा वारा समुद्रावरून जमिनीकडे, सह्याद्रीच्या भिंतीकडे वाहतो. हिवाळ्यात रात्री मतलई वारे लोट समुद्रावर नेतील आणि दुपारी खारे वारे तोच परत आणतील. सरळ रेषेत जाणाऱ्या लोटाच्या गणितात हे परतणे बसूच शकत नाही. ८,७६० तासांची एक सरासरी काढली की आषाढ आणि पौष एकमेकांत विरघळून जातात, आणि हाती येणारे हवामान वर्षातील कोणत्याच दिवसाचे नसते.

म्हणून जैतापूरसारख्या प्रकल्पाच्या परिणाम-अहवालात पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे निष्कर्ष स्वतंत्रपणे मागणे, आणि सरासरीबरोबरच सर्वांत प्रतिकूल तासांचे नकाशे पाहावयास मागणे, ही तांत्रिक किरकोळी ठरत नाही. समुद्रकाठच्या केंद्राभोवती काढलेल्या १६ किलोमीटरच्या वर्तुळाचा मोठा भाग पाण्यात पडतो. उरलेल्या भागातील आणि त्यापलीकडे राजापूर तालुक्यात घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या गावांपैकी कोणत्या गावाने कोणत्या महिन्यात कोणत्या रस्त्याने निघावयाचे, याचे उत्तर त्या वर्तुळात लिहिलेले नाही.