मशाल कशासाठी: पाहण्यासाठी की दिसण्यासाठी?

मुरुडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा अगदी समोर दिसतो. शाळेतल्या मुलांबरोबर तिथे उभा असताना नववीतल्या एकाने विचारले, "सर, रात्री सगळ्या तटावर मशाली पेटत असतील ना? मग शत्रू लपणार कुठे?" हे चित्र त्याला पुस्तकातून मिळाले नव्हते, ते चित्रपटातून आणि संगणकावरच्या खेळांतून आले होते. प्रश्न मात्र फार चांगला होता. त्याचे उत्तर शोधू गेल्यास पडद्यावरच्या मशालीत तीन मोठ्या चुका सापडतात.

पहिली चूक उजेडाची. चित्रपटात एक मशाल पेटली की अख्खे भुयार उजळते. आपण हिशेब करून पाहू. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो, तो साधारण एक लक्स. मशाल पन्नास मेणबत्त्यांइतकी आहे असे उदारपणे धरू. एक मीटरवर ५० लक्स मिळतील. पण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असल्यामुळे १० मीटरवर अर्धा लक्स उरेल आणि १४ मीटरवर पाव लक्स. पाव लक्स म्हणजे जवळजवळ पौर्णिमेचे चांदणे. म्हणजे चांदण्या रात्री १४ मीटरपलीकडे मशालीपेक्षा चंद्रच बरा!

त्यातून चित्रपटातला नायक मशाल नेमकी डोळ्यांसमोर धरतो. अंधाराला पुरते सरावायला आपल्या डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. समोर ज्योत असेल तर ते सरावतच नाहीत. ज्योतीने डोळे दिपतात आणि पलीकडचा अंधार अधिकच दाट भासतो.

मात्र ज्याला ही मशाल दिसते, त्याचे गणित वेगळे आहे. अगदी काळोख्या रात्री साधी मेणबत्ती नुसत्या डोळ्यांनी किती लांबून दिसेल, याचा हिशेब २०१५ साली टेक्सासमधील दोन संशोधकांनी केला. उत्तर आले सुमारे २.६ किलोमीटर. पन्नासपट तेजस्वी मशाल त्याच्या सातपट अंतरावरून, म्हणजे १८ किलोमीटरवरून दिसायला हवी. हवेतील बाष्प आणि धुरळा यांमुळे हे अंतर निम्मे झाले तरी नऊ किलोमीटर उरतात. मशालवाल्याला चौदा पावलांपलीकडचे धड दिसत नाही, पण तो स्वतः दोन कोसांवरून दिसतो.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. १६६३ साली लाल महालावर छापा घातल्यानंतर शिवाजी महाराजांच्या लोकांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे नेले, अशी कथा सांगितली जाते. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार त्याच कथेशी जोडला जातो. कथेतले पलिते वाट दाखवण्यासाठी नव्हते. शत्रूला दिसावेत म्हणून होते. 'टेंभा मिरवणे' या शब्दप्रयोगातही दिसण्याचाच भाग मोठा आहे.

याच्या उलट उदाहरण जंजिऱ्याचेच. १६७६ साली लाय पाटील या कोळी वीराने रात्री होडीतून जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, मोरोपंत पिंगळे यांची माणसे वेळेवर पोहोचली नाहीत आणि उजाडण्यापूर्वी त्याला शिड्या काढून परतावे लागले, अशी हकिकत आहे. या धाडसात एक जरी मशाल पेटली असती तरी सारे संपले असते. समुद्र, भरती-ओहोटी आणि काळोख यांची जाण हे त्याचे खरे हत्यार होते. पडद्यावर दिव्यांचा झगमगाट केला की नेमके हेच शौर्य दिसेनासे होते.

दुसरी चूक तेलाची. 'माइनक्राफ्ट' या खेळात भिंतीवर लावलेली मशाल कधीच विझत नाही. 'स्कायरिम'मध्ये ती निदान चार मिनिटांत संपते! मेणबत्ती तासाला सुमारे सात ग्रॅम मेण जाळते. त्याच प्रमाणात आपल्या मशालीला तासाला ३५० ग्रॅम तेल लागेल. दहा तासांच्या रात्रीला साडेतीन किलो. तटावर शंभर मशाली असतील तर एका रात्रीत साडेतीनशे किलो तेल! कोणत्या किल्लेदाराला हे परवडले असते? खंडोबाच्या जागरणात दिवटीबरोबर बुधली का असते, हे इथे कळते. चिंधी ही नुसती वात आहे, जळते ते तेल. आणि ते पुन:पुन्हा घालावे लागते. पडद्यावर दिवट्या सर्रास दिसतात, बुधली मात्र कुठेच नाही.

तिसरी चूक धोक्याची, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' (१९८९) या चित्रपटात नायक व्हेनिसखालच्या भुयारात पाण्यावर तरंगणाऱ्या खनिज तेलातच चिंधी बुडवून मशाल करतो आणि ती घेऊन त्याच तेलातून चालत जातो. त्याला काही होत नाही. पुढे शत्रूने आग लावली की मात्र सगळे पेटते. ज्वलनाला नायक-खलनायक कळत नाहीत. द्रव पेटण्याआधी त्याची वाफ पेटते आणि बंद जागेत ती साठून राहते. पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही तयार होते, खाद्यतेलाला त्यासाठी ३०० अंशांच्या आसपास तापावे लागते. शिवजयंतीला गडावरून ज्योत घेऊन धावणाऱ्या मुलांना हा फरक कोणीतरी समजावून सांगायला हवा. मंदावलेल्या मशालीवर पेट्रोल ओतणे म्हणजे ज्वाळेला हातातल्या डब्यापर्यंत वाट करून देणे आहे.

दिग्दर्शकाची अडचण खरी आहे, कारण कॅमेऱ्याला उजेड लागतो. तरीही स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) मधले काही प्रसंग खास भिंग वापरून मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केलेच. खोलीचे कोपरे तिथे काळोखात राहतात, आणि प्रसंग त्यामुळे अधिक खरा वाटतो.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. त्यासाठी मशाल नको, एक मेणबत्ती पुरे. अंधाऱ्या खोलीत अर्ध्या, एक आणि दोन मीटरवर वर्तमानपत्र वाचायला लावा. मग डोळा आणि ज्योत यांच्यामध्ये तळहात आडवा धरा, खोली एकदम स्पष्ट दिसू लागेल. मेणबत्ती अर्धा तास जाळण्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला. त्यानंतर मुलांना आवडीच्या चित्रपटातला एखादा रात्रीचा प्रसंग पुन्हा पाहू द्या आणि विचारा: ही मशाल कोणाला दिसते आहे, आणि तिचे तेल कुठे आहे?