गिअर कुठल्या पायाखाली?

अपघातानंतर पाच महिने मी अंथरुणात आणि पुढचे दोन महिने वॉकरवर होते. त्या काळात फोनवर येणाऱ्या प्रत्येक फॉरवर्डचा साचा ठरलेला असायचा. कुणीतरी पडलं, डॉक्टरांनी आशा सोडली, पण त्याने जिद्द सोडली नाही, आणि शेवटच्या ओळीत तो शिखरावर उभा. मावशीपासून ऑफिसातल्या सरांपर्यंत सगळ्यांनी ते मला पाठवले. माझा डावा घोटा प्लेट आणि स्क्रू घालून कायमचा जाम केला होता. तो घोटा जिद्दीने वाकणार नव्हता, हे मला आणि फिजिओ ताईला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

अशातच कॉलेजातल्या एका मित्राने सांगितलं, ‘टीटी थ्रीडी : क्लोजर टू द एज’ बघ. रिचर्ड डी अरागेस दिग्दर्शित हा २०११चा माहितीपट. मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा भारावून, दुसऱ्यांदा चिडून आणि तिसऱ्यांदा पॉज करत करत. हे लिखाण त्या तिसऱ्या पाहण्यातून आलंय.

विषय आहे आयल ऑफ मॅन या बेटावरची टीटी शर्यत. १९०७ पासून चालू असलेली. तिथे ट्रॅक नाही. गावांतून, घरांच्या भिंतींना घासून, डोंगरावरून जाणारा सुमारे ६० किलोमीटरचा रोजच्या वापरातला रस्ता आहे. एरवी तिथून लोक किराणा आणायला जातात. शर्यतीच्या दिवशी तो बंद करतात आणि त्यावरून ताशी तीनशेच्या आसपास वेगाने मोटरसायकली जातात. या रस्त्याने आजवर अडीचशेहून जास्त स्वारांचे जीव घेतलेत.

चित्रपट २०१०च्या शर्यतीचा आहे. कॅमेऱ्याचा लाडका आहे गाय मार्टिन. लांब कल्ले, अखंड बडबड, ट्रक दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. त्याच्यासमोर इयन हचिन्सन, एका आठवड्यात पाच शर्यती जिंकणारा, पण कॅमेऱ्याला फारसा न सापडणारा. आणि कॉनर कमिन्स, त्याच बेटावर वाढलेला उंच, शांत मुलगा. शेवटच्या मोठ्या शर्यतीत मार्टिन बॅलागॅरीच्या वळणावर पडतो आणि रस्ता आगीच्या लोळाने भरतो. पुन्हा सुरू झालेल्या त्याच शर्यतीत कॉनर डोंगरावरच्या व्हरांडा नावाच्या वळणावर रस्त्याबाहेर फेकला जातो.

हेलिकॉप्टरमधून टिपलेलं ते दृश्य बघताना पोटात गोळा येतो. हिरव्या उतारावरून गाडी कोलांट्या खात जाते, आणि तिच्यासोबत एक माणूसही. दिग्दर्शकाला हे दृश्य किती मोलाचं आहे ते कळतं, आणि तो ते पुरेपूर वापरतो. माझी तक्रार इथून सुरू होते. पडण्यासाठी या चित्रपटाकडे वेळ आहे, संथ गती आहे, संगीत आहे. उठण्यासाठी मात्र त्याच्याकडे शेवटची थोडी मिनिटं उरतात. कॉनरचा पाठीचा कणा, हात, खांदा, गुडघा, काय काय मोडलं याची यादी आपल्याला कळते, व्रण दिसतात, थोडा व्यायाम दिसतो. की लगेच पुढच्या वर्षाची चाहूल. तो २०११ला खरंच परतला, पुढे पोडियमवरही उभा राहिला. पण मधल्या महिन्यांचं काय?

मधले महिने चित्रपटाला नको असतात, कारण ते चित्रपटासारखे नसतात. बेडपॅन, रात्री तीन वाजताची कळ, इन्शुरन्सचे कागद. आई गाडीची किल्ली देवघराच्या खणात ठेवते आणि आपण ती बघितली नाही असं दाखवतो. हे सगळं कापून टाकलं की पडणं आणि परतणं ही दोन टोकं एकमेकांना चिकटतात आणि मध्ये फक्त ‘जिद्द’ नावाचा फेविकॉल उरतो. इतक्या देखण्या चित्रपटाचा पाया माझ्या मावशीच्या फॉरवर्डपेक्षा फार वेगळा नाही.

पण एक बाई या चित्रपटाला वाचवते. पॉल डॉब्स हा न्यूझीलंडचा स्वार त्याच वर्षी बॅलागॅरीलाच गेला. त्याची पत्नी ब्रिजेट कॅमेऱ्यासमोर बोलते. शर्यतीला शिव्या देत नाही, नवऱ्याला हुतात्माही करत नाही. त्याला जे आवडायचं त्याची किंमत तिला पहिल्यापासून माहीत होती, आणि ती आता ती भरते आहे, इतकंच तिच्या चेहऱ्यावर असतं. तेवढा वेळ संगीत मागे हटतं. जो परतला नाही त्याच्या घरात कॅमेरा थांबू शकतो, मग जो परतला त्याच्या घरात का थांबत नाही, असा प्रश्न मला तिसऱ्या वेळी पडला.

गंमत म्हणजे परतण्याची खरी गोष्ट ज्याच्यापाशी होती, तो चित्रपटात फक्त जिंकताना लक्षात राहतो. पाच विजयांनंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर २०१०मध्ये, सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत हचिन्सनचा डावा पाय इतका चिरडला की तो कापावा लागेल अशी वेळ आली. पाय वाचला, पण गिअर टाकण्याइतका उरला नाही. मग त्याने गिअरचा दांडा उजवीकडे घेतला. २०१५ला तो टीटीत पुन्हा तीन शर्यती जिंकला.

ज्यांनी घरातली जुनी बुलेट चालवली आहे, त्यांना यातली अडचण लगेच कळेल. तिचा गिअर उजव्या पायाखाली, ब्रेक डाव्या. दुसऱ्या गाडीची सवय असलेला माणूस तिच्यावर बसला की गिअर बदलायला जातो आणि ब्रेक दाबतो. पायाची सवय डोक्याचं ऐकत नाही. ती मोडून नवी लावणं म्हणजे कंटाळवाणा, रोजचा, चुकत चुकत केलेला सराव. जिद्द असलीच तर ती इथे असते, आणि तिला पार्श्वसंगीत नसतं.

माझ्या फोनमध्ये आणखी एक व्हिडिओ सेव्ह आहे. वेन रेनी, १९९० ते १९९२ सलग तीनदा ५०० सीसीचा जगज्जेता. १९९३ला मिसानोच्या ट्रॅकवर पडला आणि छातीखालचं शरीर गेलं. २०१९ला, तब्बल २६ वर्षांनी, जपानच्या सुझुकामध्ये तो पुन्हा मोटरसायकलवर बसला. बसवला गेला म्हणायला हवं. गिअर हँडलवर घेतलेला, बूट पेडलला अडकवलेले, निघताना आणि थांबताना गाडी धरायला माणसं. सोबतीला जुने साथीदार केनी रॉबर्ट्स आणि एडी लॉसन. शर्यत नव्हती, कुणाला हरवायचं नव्हतं. तो फक्त फिरून आला.

‘क्लोजर टू द एज’मध्ये परतणं म्हणजे पूर्वी होतो तिथे, त्याच वेगाने. रेनीच्या त्या छोट्या व्हिडिओत परतणं म्हणजे आत्ता जे शरीर आहे ते घेऊन, चार माणसांचा हात धरून. पहिल्यात टाळ्या आहेत. दुसऱ्यात मला जागा आहे.

दादाने मला सहा महिन्यांपूर्वीच सुचवलं होतं, ‘बिनगिअरची स्कूटर घे, मागे साइड व्हील लावून घेऊ. सिग्नलला पाय टेकायला नको.’ मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पल्सर चालवणारी मी, आणि ती तीनचाकी, चारचाकी दिसणारी गाडी? आता वाटतं, तो राग माझा एकटीचा नव्हता. तो मला अशाच गोष्टींनी शिकवला होता, ज्यांत परतलेल्याच्या गाडीला कधीच साइड व्हील नसतं.

चित्रपट जरूर बघा. ब्रिजेटसाठी बघा, डोंगरावरच्या त्या रस्त्यासाठी बघा. फक्त संपल्यावर, जे कापलं गेलं त्याचाही विचार करा.

परवा दादाबरोबर गॅरेजमध्ये गेले होते. मेकॅनिक म्हणाला, ‘ताई, वळताना सुरुवातीला विचित्र वाटेल. गाडी कलत नाही ना.’

मी म्हटलं, ‘शिकेन.’