क्यूनंतर यू नसलेले शब्द

शब्दकोशांची परीक्षणे लिहिली जातात, शब्दांच्या यादीचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. यादीला शैली नसते, निवेदक नसतो आणि पुष्कळदा अर्थही दिलेला नसतो. तरीही स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळासाठी तयार झालेल्या याद्यांकडे टीकेच्या नजरेने पाहायला हवे, असे मला वाटते. शब्द म्हणजे काय, या जुन्या प्रश्नाचे एक ठाम उत्तर त्या गृहीत धरतात. ते उत्तर मला अर्धेच पटते.

महामंदीत बेकार झालेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात हा खेळ रचला. वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते, हे त्यांनी मोजले आणि त्या मोजणीच्या आधारे अक्षरांची संख्या व गुण ठरवले. १९४८मध्ये जेम्स ब्रुनो यांनी खेळाला स्क्रॅबल हे नाव दिले. एकूण १०० सोंगट्या, त्यांतल्या दोन कोऱ्या. 'ई'च्या १२, तर 'क्यू' आणि 'झेड' यांची एकेकच, प्रत्येकी १० गुणांची. 'एस'च्या मात्र चारच, कारण त्या जास्त असत्या तर समोरच्याच्या शब्दाचे अनेकवचन करून गुण मिळवणे फार सोपे झाले असते. म्हणजे खेळाच्या मुळाशी रोजच्या छापील इंग्रजीचे वजनमाप होते.

खेळाडूंनी मात्र पुढे वर्तमानपत्र सोडून कोश हाती धरला. वर्तमानपत्रात 'द' हा शब्द एका पानावर शेकडो वेळा येतो. कोशात त्याला एकच जागा असते, आणि वेल्श भाषेतून आलेल्या, दरी या अर्थाच्या 'कूम' या शब्दालाही तेवढीच. 'कूम' हा सी-डब्ल्यू-एम असा, एकही नेहमीचा स्वर न वापरता लिहितात. अशा शब्दांना खेळात भाव येतो. मेरियम-वेबस्टरने १९७८मध्ये खेळाडूंसाठी अधिकृत कोश काढला. शब्दांची वर्गवारी अक्षरांवरून करणाऱ्या याद्याही प्रचलित झाल्या : दोन अक्षरी शब्द, स्वरहीन शब्द, 'क्यू'नंतर 'यू' नसलेले शब्द. कॉलिन्सच्या २०१९च्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. त्यांत हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा आहे, झाडांवर राहणाऱ्या स्लॉथ या संथ प्राण्याचा एक प्रकार आहे आणि चिनी विचारातली प्राणशक्तीही आहे.

या याद्यांपैकी 'यू'विना 'क्यू'ची यादी मला सर्वांत बोलकी वाटते. वक्फ, तलाक, काझी, फकीर, निकाब : इंग्रजीत हे सगळे शब्द 'क्यू' घालून लिहिता येतात, कारण अरबीतल्या घशातून येणाऱ्या 'क'साठी लिप्यंतर करणाऱ्यांनी ते अक्षर वापरले. मराठी वाचकाला त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द ओळखीचा आहे. त्यांच्यामागे न्यायालये, जमिनी आणि मोडलेले संसार उभे आहेत. पण अडकलेला 'क्यू' खपवण्याची सोय, एवढीच त्यांची ओळख असलेले खेळाडू पुष्कळ असतील.

मुरलेला खेळाडू आणखी पुढे जातो. हातातली सात अक्षरे तो वर्णक्रमाने लावतो आणि त्या क्रमावरून शब्द आठवतो. ए-ई-आय-एन-आर-एस-टी या सात अक्षरांतून 'रिटेन्स', 'रेटिनाज', 'नॅस्टियर', 'रेत्सिना' असे नऊ शब्द निघतात. राखून ठेवणे, डोळ्यातले पटल, अधिक खवचट आणि राळेच्या चवीचे ग्रीक मद्य यांचे एरवी काय नाते? साती अक्षरे एका खेळीत लावली की ५० गुण जादा, हेच ते नाते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. यादी पाठ होती, तेवढे पुरले.

या पराक्रमाला मी कमी लेखत नाही. माझा आक्षेप त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. १९९०च्या दशकात कोशातल्या जातिवाचक व वंशवाचक शिव्यांवर तक्रारी झाल्या, तेव्हा अनेक खेळाडूंनी त्या राखण्याचा आग्रह धरला. फळ्यावर शब्दाला अर्थ नसतो, तिथे फक्त अक्षरे आणि गुण असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर घरगुती कोशातून शिव्या गेल्या आणि स्पर्धांसाठी १९९८मध्ये वेगळी यादी निघाली. तिच्यात शिव्या राहिल्या, सगळ्याच शब्दांचे अर्थ गेले. उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या संघटनेने २०२०मध्ये त्या स्पर्धांच्या यादीतूनही काढल्या.

युक्तिवादातली खोट अशी. एखादा अक्षरसमूह यादीत का येतो? कुठेतरी कोणीतरी तो अर्थाने वापरला, कोशकाराने त्याची नोंद घेतली, म्हणून. वाटेल ती सात अक्षरे जोडून शब्द होत नाही. यादीचा सगळा अधिकार अर्थाकडून उसना घेतलेला आहे. घेताना अर्थ हवा आणि जबाबदारीची वेळ आली की तो नको, हे चालणार नाही.

अक्षरांचा खेळ आपल्याकडे नवा नाही. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त आपली हकिगत एकही ओष्ठ्य वर्ण न वापरता सांगतो, कारण प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत असतात. मोरोपंतांनीही 'निरोष्ठ रामायण' रचले. तिथे वर्णांचे बंधन घालूनही कथा सांगायचीच असते, आणि मंत्रगुप्ताचे बंधन तर कथेतूनच उगवते. शिवाय आपले अक्षर व्यंजनाला स्वर जोडून सिद्ध होते. वर्तमानपत्रातल्या मराठी शब्दकोड्यात 'की'साठी एक चौकोन असतो, 'क' आणि वेलांटी वेगळी फिरवता येत नाही. भेंड्यांतही शेवटचे अक्षर घेऊन पुढचे गाणे म्हणावे लागते, नुसत्या अक्षरावर सुटका नाही.

म्हणून स्क्रॅबलच्या याद्या मी वाचतो त्या उलट दिशेने : अक्षरांवरून शब्दाकडे आणि शब्दावरून तो ज्यांच्या तोंडून आला त्या माणसांकडे. तसे वाचले तर इंग्रजीने कुठे कुठे व्यापार केला, राज्य केले आणि कोणाला हिणवले, याचा एवढा आटोपशीर दस्तऐवज दुसरा क्वचितच मिळेल. तो छापताना अर्थाचा रकाना कोरा सोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.