वावडी, विमान आणि एक उभयान्वयी अव्यय

बेलोरा येथील अमरावती विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अंजनगाव सुर्जीच्या विद्यार्थ्यास विमान जिल्ह्यातलेच झाले. परंतु उड्डाणाचे जे स्पष्टीकरण वर्गात पुष्कळदा दिले जाते, ते सदोष आहे. पंखाच्या वरची व खालची हवा मागील कडेस एकाच वेळी पोचली पाहिजे, म्हणून वरची अधिक वेगाने धावते, असे सांगतात. हे 'म्हणून' निराधार होय. वस्तुतः वरची हवा आधीच पोचते. शिवाय, सपाट वावडी मग उडावी कशी? पंख हवेस खाली वळवितो, हवा पंखास वर रेटते. न्यूटनचा हा तिसरा नियम वावडीच्या ताणलेल्या दोरीतून मुलाच्या हातास कळतो. वैमानिक घडवू इच्छिणाऱ्या शिक्षणाने कार्यकारण जोडणारे हे अव्यय प्रथम तपासून घेतले पाहिजे.