अनोळखी पत्राचा हेतू

श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीच्या नावात दोघंच आहेत. जोडप्याच्या या गोष्टीत अमेरिकेच्या कार्पेंटरबाई देवासारख्या धावून आलेल्या वाटतात. मला मात्र त्यांचं पहिलं पत्र इतकं सोपं वाटत नाही.

1878 मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून मिशनऱ्यांकडे पत्नीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मदत मागितली. रॉयल वाइल्डर यांना त्या पत्रात धर्मांतराची संधी दिसली. त्यांनी ते आपल्या उत्तरासकट मासिकात छापलं. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे नंबराची वाट बघताना तेच वाचलं आणि थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. मजकूर एक, वाचक दोन.

आता आनंदीबाईंच्या जागी बसा. वय 15. आधीचं अमेरिकन उत्तर धर्म बदलायला सांगणारं. मग या बाईला काय हवंय?

मिरजेत हा प्रश्न जुना आहे. इथल्या वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलबद्दल 'त्यांचा हेतू काय?' आणि 'त्यांच्यामुळे आजोबा वाचले' ही दोन्ही वाक्यं मी एकाच घरात ऐकली आहेत.

हेतू पहिल्या पत्रात सापडत नाही. तो पुढच्या वागण्यात दिसतो. दोघी तीन वर्षं एकमेकींना लिहीत राहिल्या. 1883 मध्ये आनंदीबाई हिंदू राहूनच कार्पेंटरांच्या घरी उतरल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या. 1887 मध्ये त्या गेल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी पकिप्सीत आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. कादंबरी पुन्हा वाचाल तेव्हा या तिसऱ्या बाईपाशी जरा थांबा.