माहेरची नदी आणि नागझिऱ्याचे अरण्य

प्रादेशिक कादंबरी लिहायची तर लेखकाने त्या प्रदेशातच जन्मावे, वाढावे आणि तेथून फारसे हलू नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. जपानी कादंबरीकार सावाको अरियोशी (१९३१–१९८४) यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘की नदी’ वाचल्यावर हा समज टिकत नाही. विदर्भातील नागझिऱ्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून ही कादंबरी वाचली, तर तिच्यापासून आपणांस काही शिकताही येते, असे आम्हांस वाटते.

अरियोशींचा जन्म वाकायामा येथला. वडील बँकेच्या नोकरीत असल्याने त्यांच्या बालपणाची काही वर्षे जावातील बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, गेली. पुढे त्या अमेरिकेत शिकल्या, चीनला गेल्या. पण त्याआधीच ‘की नदी’त त्या आपल्या प्रांताकडे परतल्या होत्या, त्या बालपणी असे बाहेरचे जग पाहून. त्यामुळे घरच्या माणसाला सवयीने दिसेनासे होते ते त्यांना दिसले, आणि पाहुण्याला कळत नाही तेही कळले.

कादंबरीत एका घराण्यातील स्त्रियांच्या पिढ्या आहेत. आजी तोयोनो, नात हाना, हानाची मुलगी फुमिओ आणि फुमिओची मुलगी हानाको. लग्नाच्या दिवशी आजी हानाला जिसोन-इन या मंदिरात घेऊन जाते. कोया पर्वतावरील मठांत स्त्रियांना शतकानुशतके प्रवेश नव्हता. पायथ्याचे हे मंदिर म्हणूनच ‘स्त्रियांचे कोया’ म्हणून ओळखले जाई. तेथून वऱ्हाड नावांतून प्रवाहाच्या दिशेने खाली जाते, कारण वधूने नदीच्या उलट जाऊ नये अशी आजीची श्रद्धा. पुढे हाना सासरच्या घराशी एकरूप होते, फुमिओ त्या घराविरुद्ध बंड करते, आणि हानाको दोघींकडे काहीशा अंतरावरून पाहते. महायुद्ध येते, जमीनदारी मोडते, वाडा ओस पडतो. नदी मात्र वाहत राहते. इतिहास येथे सनावळीतून येत नाही. तो रुखवतातून, बाळंतपणातून, आई-मुलीच्या अबोल्यातून येतो. १९६६ च्या ‘डॉक्टरची पत्नी’ या कादंबरीतही हेच घडते. हानाओका सेइशू या शल्यवैद्याने १८०४ मध्ये रुग्णास भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. अरियोशींची दृष्टी मात्र त्या औषधाच्या प्रयोगासाठी आपले शरीर पुढे करणाऱ्या सासू-सुनेवर खिळते.

अरियोशी कॅथलिक होत्या. तरीही जिसोन-इनच्या पायऱ्या चढणाऱ्या आजीच्या श्रद्धेवर त्या कोठेही टीकाटिप्पणी करीत नाहीत. दुसऱ्याच्या देवळात पादत्राणे काढून शिरण्याचा हा संयम आमच्या ख्रिस्ती लेखकांनी जरूर अभ्यासावा. एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. ही कादंबरी वाड्यातून जग पाहते. शेतात राबणारी कुळे आणि घरातील दासी तिच्या कडेलाच राहतात.

आता नागझिऱ्याकडे वळू. गोंदिया जिल्ह्यातील हे अरण्य १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मराठी वाचकाला ते परिचित झाले व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकामुळे. माडगूळकर माणदेशचे. ‘बनगरवाडी’तही त्यांनी धनगरांची वस्ती दाखवली ती बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेतून. नागझिऱ्यात तर ते स्वतःच पाहुणे होते. त्यांची नजर तेथील वन्य जीवनावर स्थिरावली, आणि तिच्याइतकी स्वच्छ नजर मराठीत विरळा. ‘सत्तांतर’ या वानरांच्या टोळ्यांवरील कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ‘नागझिरा’ तिच्या शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे त्या नजरेचा पल्ला ध्यानी येतो.

परंतु अरण्य म्हणजे केवळ पशुपक्षी नव्हेत. या परिसराला झाडीपट्टी म्हणतात. तिची स्वतःची बोली आहे, स्वतःची रंगभूमी आहे. कोहळी समाजाने येथे तलाव बांधले आणि त्या पाण्यावर धानाची शेती उभी राहिली. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधणाऱ्या गोंड व इतर समाजांच्या स्त्रियांनी मालगुजारी आलेली पाहिली, गेलेली पाहिली, आणि पुढे अरण्याला कुंपण पडलेलेही पाहिले. आजी, मुलगी आणि नात यांच्या तीन आयुष्यांत मावणारा हा इतिहास आहे. वाकायामाच्या नदीला जे लाभले, ते या तलावांना लाभायला हवे.

ती कादंबरी कोणी लिहावी? तेथील लेकीने लिहावी हे उत्तम. पण दूरच्या कोणी लिहू नये असे नाही. अरियोशींनी संवादांत आपल्या प्रांताची बोली आणली; इंग्रजी भाषांतरात तिचा नाद हरवतो, तरी पात्रांचा कणखरपणा उरतो. येथे येणाऱ्या लेखिकेनेही आधी झाडीबोली कानांत साठवावी, तलावाच्या पाळीवर बसावे, आणि वाड्याकडे पाठ करून पाण्याला आलेल्या बाईकडे पाहावे. अरियोशींच्या हातून जे निसटले, ते कदाचित तिच्या हाती लागेल.