केन दोमोन यांचा वास्तववाद आणि ‘चिकुहोची मुले’

युद्धोत्तर जपानी छायाचित्रकलेचा विचार केन दोमोन (१९०९-१९९०) यांच्या वास्तववादाला वगळून करता येत नाही. साकाता येथे जन्मलेले दोमोन १९३५ मध्ये योनोसुके नातोरी यांच्या ‘निप्पोन कोबो’ या संस्थेत दाखल झाले. परदेशी वाचकांपुढे जपानची प्रतिमा उभी करणारे हे काम पुढे राज्यसत्तेच्या प्रचाराशी जोडले गेले. १९५० नंतर ‘कॅमेरा’ मासिकाच्या स्पर्धांचे परीक्षक या नात्याने त्यांनी हौशी छायाचित्रकारांपुढे धरलेला आग्रह, दृश्यात कोणतीही मांडणी नको, हा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

सिद्धांत म्हणून हा आग्रह अपुराच आहे. मांडणी टाळली तरी चौकट, क्षण आणि चित्रांचा क्रम यांची निवड छायाचित्रकारच करतो. शिवाय मुरो-जी मंदिरातील मूर्तींची दोमोन यांची छायाचित्रे नेमक्या प्रकाशयोजनेवर उभी आहेत. त्यांच्या वास्तववादाचे मर्म त्यामुळे अन्यत्र शोधावे लागते.

ते ‘चिकुहोची मुले’ (१९६०) या पुस्तकात सापडते. ऊर्जेसाठी जपान कोळशाकडून खनिज तेलाकडे वळत असताना क्यूशू बेटावरील चिकुहोच्या खाणी बंद पडत होत्या. डिसेंबर १९५९ मध्ये दोमोन तेथे गेले. टोकियोच्या गल्ल्यांत खेळणारी मुले त्यांनी पूर्वीच टिपली होती. येथे मुले तीच, पण खेळामागे उपासमार आहे. एका वर्गात जेवणाची सुट्टी आहे. काही मुले डबा खात आहेत; ज्यांनी डबा आणलेला नाही ती चित्रांचे पुस्तक उघडून त्यात डोळे घालून बसली आहेत. कोणी रडत नाही, कोणी हात पसरत नाही. शेजारच्या डब्याकडे न पाहण्याची ही धडपड म्हणजे त्या मुलांनी राखलेला स्वाभिमान होय, आणि दोमोन तो मोडत नाहीत.

पुस्तक साध्या, खरखरीत कागदावर छापून त्याची किंमत केवळ १०० येन ठेवण्यात आली. छटांची सूक्ष्मता त्यात हरवली, हे उघडच आहे. परंतु ज्यांच्याविषयी पुस्तक आहे त्यांच्यासारख्यांनाही ते विकत घेता यावे, हा निर्णय मांडणी टाळण्याच्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक वास्तववादी ठरतो. प्रतींचा खप एक लाखाच्या पुढे गेला. खाणमालक आणि शासकीय धोरण या चित्रांत जवळजवळ दिसत नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. करुणा जागी होते, कारणे चौकटीबाहेर राहतात.

त्याच सुमारास दोमोन यांना पक्षाघाताचा पहिला झटका आला. लहान कॅमेरा हाताळणे कठीण झाल्याने ते तिपाईवरील मोठ्या कॅमेऱ्याकडे आणि पुन्हा मंदिरांकडे वळले. १९६८ नंतर चाकांच्या खुर्चीतूनही काम चालूच होते. ‘प्राचीन मंदिरांची यात्रा’ हे त्यांचे भव्य आकाराचे पाच खंड १९६३ ते १९७५ या काळात निघाले. १०० येन देऊन पुस्तक घेणाऱ्या वाचकासाठी ते नव्हते.